खड्ड्यातले दोन ठोके

ही गोष्ट खरी आहे. थापा मारायची मला कोणी मजुरी देत नाही. ज्याच्यावर बेतली तो माझा सख्खा मामा, टिकाराम. अन् शेवटचं मी माझ्या या दोन कानांनी ऐकलंय.

रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार होती. एप्रिल १९८१. लाखनीजवळ, हायवेला लागून एक राइस मिल. नाव सांगत नाही, मालकाची माणसं अजून तिथंच आहेत.

मामा तिथं वीस वर्षं मिस्त्री. आधी साधी जुनी मिल होती. मग मालकाचा मुलगा शिकून आला आणि दर सहा महिन्यांनी काहीतरी नवं सुरू झालं. भट्टी गेली, बॉयलर आला. पाटी तीनदा रंगवली. काल ज्याला मिस्त्री म्हणत, त्याला आज फिटर, उद्या ऑपरेटर. सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी कोण होऊन परतेल, याचा नेम नव्हता.

एकच गोष्ट बदलली नव्हती. ठोके.

धान वर चढवणारा डब्यांचा पट्टा होता. त्याचं खालचं टोक पुरुषभर खोल खड्ड्यात. धान तुंबलं की कोणीतरी उतरून हातानं मोकळं करायचं. बटण भिंतीपलीकडे, तिथून खड्डा दिसत नसे. म्हणून बटणावरचा माणूस खड्ड्यात उतरलेल्या लोखंडी पाइपावर पान्यानं दोन ठोके द्यायचा. म्हणजे, निघालास का? खालचा बाहेर निघाला की एक ठोका द्यायचा. म्हणजे, निघालो, कर चालू.

उत्तर नाही, तर बटणाला हात नाही.

ही रीत मामानंच घातलेली. आंबागडहून आलेल्या केवळरामला त्यानंच शिकवली. पाना कसा धरायचा तेही त्यानंच शिकवलं. केवळराम दोन वर्षं रुखमिणीमामीच्या हातचं जेवला.

आणि नवी मशीन आली तेव्हा मॅट्रिक पास केवळराम हेड ऑपरेटर झाला. मामा त्याच्या हाताखाली.

तो पेढे घेऊन घरी आला. मामाच्या पाया पडला.

"तुमीच माये गुरू, मिस्त्री."

मामानं पेढा घेतला आणि तो गेल्यावर गाईपुढं टाकला.

"अजी, पोरगा पाया पडून राहिला, अन् तुमी तोंड कायले फिरवता?" मामी म्हणाली.

"त्याच्या पायातले बूट पायले का तू? कंपनीनं देल्ले. मले वीस वर्षांत चप्पल नाही देल्ली!"

जळत होता मामा. माझाच मामा आहे म्हणून झाकत नाही. रात्री झोपेत कूस बदलताना सुद्धा जळत होता.

त्यातच साहेबानं, म्हणजे मालकाच्या मुलानं, विजेची घंटी बसवली. नवा नियम लागला... घंटी वाजवा, दहा मोजा, मशीन चालू करा. ठोके बंद.

बॉयलर चालू असला की ती घंटी खड्ड्यात ऐकूच येत नसे. हे दोघांनाच ठाऊक. केवळराम हळूच म्हणाला, "मिस्त्री, घंटी साहेबासाठी वाजवू. आपले ठोके आपण देऊच."

मामानं हो म्हणून मान हलवली.

त्या दुपारी धान तुंबलं. केवळरामनं बूट काढले, भिंतीशी नीट जोडून ठेवले.

"मिस्त्री, मी उतरलो!"

मामा बटणापाशी उभा. हातात पाना. समोर ते बूट... काळे, चकचकीत.

मामानं पाना खाली ठेवला.

घंटी वाजवली. दहा मोजले. अगदी प्रामाणिकपणे दहा.

आणि बटण दाबलं...

चौकशी झाली. घंटी वाजवली? वाजवली. दहा मोजले? मोजले. हमाल नत्थूनंही तसंच सांगितलं. नियम पाळला होता. ठोक्यांचं कोणी विचारलंच नाही.

पंधरा दिवसांत मामा हेड ऑपरेटर झाला. नवे बूट मिळाले. पण ऑफिसात केवळरामचा फोटो लागला, त्याला रोज ताजा हार. मामा त्या हारावरही जळला!

"मेला तरी साला माया वरच लटकून राहिला."

पहिल्या दिवशी त्यानं बटणाकडे हात नेला...

टक्... टक्...

खड्ड्यातून.

मामा धावत गेला. खड्डा रिकामा.

"नत्थू, आयकलं का?"

"काय जी, मिस्त्री?"

मग रोज. हात बटणाजवळ गेला की दोन ठोके. आणि मग शांतता... कोणीतरी उत्तराची वाट पाहत असल्यासारखी. मामानं उत्तर कधीच दिलं नाही. एक ठोका म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

वर्षभरात आणखी नवी मशीन आली. खड्डा काँक्रीट ओतून बुजवला. हेड ऑपरेटर हे पदच उडालं. ज्यासाठी केलं, ते असं गेलं. मामाला धानाचे बोरे, म्हणजे पोती, शिवायला गोदामात बसवलं.

गोदामात जाताना त्या काँक्रीटवरून जावं लागे. बुटातून तळव्याला जाणवायचं...

टक्... टक्...

१९८६ च्या दिवाळीनंतर मामानं अंथरूण धरलं. एका दुपारी मी उशाशी होतो. मामी अंगणात धान पाखडत होती. तेव्हा त्यानं हे सगळं मला सांगितलं. मग माझा हात घट्ट धरला.

"घंटी म्या वाजवली होती ना रे? नेम पाळला ना म्या?"



आणि तेव्हा... खाटेखालून...

टक्... टक्...

मी वाकून पाहिलं. सारवलेली भुई. दुसरं काही नाही.

"इचारून राहिला तो," मामा म्हणाला. "पाच वर्षं झाले, रोज इचारते. आता थकलो मी."

"मामा, नको!"

त्यानं बोट वाकवलं आणि खाटेच्या लाकडावर एक ठोका दिला.

मिल तिथून सहा मैल लांब. तरी पट्टा चालू झाल्याचा आवाज मी ऐकला. अगदी खाटेखाली. तो थांबला तेव्हा मामाचा हात थंड पडला होता. अंगणात मामीला सुपाशिवाय काहीच ऐकू आलं नव्हतं.

तो आवाज कसला, मला आजवर कळलं नाही.

आज सांगतोय, कारण मीही कंपनीतच आहे. माझ्या हाताखालचा पोरगा परवा माझा साहेब झाला. पेढे घेऊन घरी आला, पाया पडला. पेढा घशाखाली उतरत नव्हता...

पण मी तो पेढा खाल्ला. त्याच्यासमोर, अख्खा खाल्ला.