एक दुकानात, एक घरी

मंगरुळपीरच्या त्या एम्ब्रॉयडरीच्या दुकानात वैजयंती शिरली ती मावशीचं ब्लाउज न्यायला. बघते तर काय, मशीनने बाहीवरच्या मोराला तिसरा पाय काढलेला! आणि मशीन थांबायला तयार नाही. तिसऱ्यानंतर चौथा... मग पाय बाहीवरून उतरले, शेजारच्या कापडात घुसले. तिथे हजर असलेले तर शपथेवर सांगतात की दाराच्या पडद्यावरही दोन पाय उमटले होते. तेवढं आपण सोडून देऊ. चार पाय मात्र खरे. ते ब्लाउज आजही दुकानात टांगलेलं आहे.

दुकानाचा मालक उत्कर्ष मशीनची वायर उपटून उभा होता. केसांत जांभळा दोरा अडकलेला.

"आमच्या आसेगावात मोराले दोनच पाय असतात," वैजयंती म्हणाली.

"लग्नसराई हाय ना... मोरही घाईत हाय."

तिला हसू आलं. ते तिने ओढणीत लपवलं — पण जरा उशिरा. त्याने पाहिलं होतं.

दोष निघाला नक्षी काढायच्या सॉफ्टवेअरचा. उत्कर्षने ते कोणाकडून तरी फुकट, चोरून घातलं होतं. वैजयंती कॉम्प्युटर शिकलेली. खुर्ची ओढून बसली, मोर सरळ केला, आणि उठताना त्याला म्हणाली, "लायसनवालं घ्या. उद्या हा मोर नवरीच्या पाठीवरून पळाला तर काय करसान?"

आठवडा उलटायच्या आत त्याने खरंखुरं सॉफ्टवेअर घेतलं. कंपनीची त्यात एक सोय होती. एका लायसनवर दोन कॉम्प्युटर — एक मालकाच्या दुकानात, दुसरा मालकाच्या घरी. अट एवढीच की दोन्हीकडे एकाच वेळी उघडायचं नाही. एकीकडे उघडलं की दुसरीकडचं आपोआप बंद.

आता उत्कर्षच्या घरी आई होती, म्हैस होती, कॉम्प्युटर नव्हता. तो सरळ मोटारसायकल काढून आसेगावला गेला. वैजयंतीने घरी बसून नक्ष्या काढाव्यात असं त्यांचं ठरलं होतं, म्हणून दुसरी प्रत तिच्या कॉम्प्युटरवर घालायला बसला. गावात हळद उकडत होती. खिडकीतून तो ऊन ऊन, मातकट वास आत येत होता. स्क्रीनवर प्रश्न आला, हा कॉम्प्युटर मालकाच्या घरी आहे का? उत्कर्षने वळून पाहिलं. वैजयंती चहा गाळत होती, बांगडी कोपराकडे सरकवत... त्याचं बोट आपोआप 'होय'वर पडलं.

तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मग सुरू झाली मजा. वैजयंती वेलीला पान काढतेय तोच पडद्यावर पाटी यायची — दुसरीकडे वापर सुरू आहे. ती लगेच फोन लावायची.

"काहून मले बाहेर काढलं? मी काम करून राह्यली होती ना."

"चुकून उघडलं."

"रोज चुकून?"

"तुमी रागावता कशा, ते आयकाले..."

ती फोन ठेवायची आणि गाल गरम झालेले घेऊन तसंच सॉफ्टवेअर उघडायची. तिकडे दुकानात तो बाहेर. मग तो उघडायचा, ही बाहेर. असं दिवसभर. दोघांच्या या खेळात मोर अर्धे राहायचे, पण जे पुरे व्हायचे ते असे देखणे, की मांडवात नवरीचं तोंड पाहायचं सोडून बाया तिची पाठ पाहायच्या.

एके दिवशी दोन्हीकडचं एकदम बंद पडलं. कंपनीला संशय आला होता. असं सारखं उघडझाप करणारा मालक त्यांनी पाहिला नव्हता! चौकशीचा फोन येणार, आणि माहिती खोटी निघाली तर घरची प्रत कायमची काढून टाकणार, असं कळवलेलं.

वैजयंतीने ते दोनदा वाचलं. जीव लावून मिळवलेलं काम जाणार. आणि तो रोजचा फोन...? तिने उत्कर्षला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा तिचे वडील रंगराव ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. उत्कर्षने खाली मान घालून 'होय' दाबल्याचं कबूल केलं. ती काही बोलणार, तोच फोन वाजला. त्याने स्पीकर सुरू केला. पलीकडच्या बाईंनी सरळ विचारलं, "दुसरा कॉम्प्युटर तुमच्याच घरी आहे ना?"

एक 'हो' म्हटलं असतं तर सगळं वाचलं असतं. उत्कर्षने वैजयंतीकडे पाहिलं. ओठ न हलवता तिने मान हलवली — खोटं नको.

"मॅडम," तो म्हणाला, "कॉम्प्युटर आसेगावात हाय. घर माझं नाही. पण ज्या दिवशी मी होय दाबलं ना... त्या दिवशी मले ते माझंच वाटून राह्यलं होतं. त्यातली एक जण... माझ्या घरी यावं असं लय वाटते. तिले इचारायची हिंमत नाही झाली."

रंगरावांच्या हातातली जुडी सुटली.

"सर, मी इथे काय लिहू?" बाईंनी विचारलं.

वैजयंतीने पुढे होऊन फोन घेतला. "मॅडम, थोडे दिवस द्या. कॉम्प्युटर हलवाचा हाय."

"कुठे?"

"यायच्या घरी," उत्कर्षकडे बघत ती म्हणाली.

बाई हसल्या की काय कोण जाणे. एवढंच म्हणाल्या, "लग्न लागेपर्यंत घरची प्रत बंद राहील. हलवला की कळवा."

रंगरावांनी सुटलेली मेथी गोळा केली. "बापू," ते म्हणाले, "कॉम्प्युटर गाडीवर नेता येते. पोरीसाठी मायले घेऊन ये. अन् म्हशीचं दूध किती, तेही सांगजो."

आईने येऊन दुधाचा आकडा दुप्पट सांगितला म्हणतात. असो.

आता मंगरुळपीरला एक प्रत दुकानात आहे, एक घरी, अगदी नियमात. दुपारी दुकानातल्या पडद्यावर पाटी येते — दुसरीकडे वापर सुरू आहे. उत्कर्ष हातातलं काम तसंच टाकतो, शटर ओढतो, आणि ज्या बाईने त्याला बाहेर काढलं तिच्याकडे जेवायला निघतो.