दोन मावळती

मंगळावरच्या ‘अंगारक’ तळावर माणसे दोनच होती, आणि दोघेही रेवदंड्याचे. त्यामुळे वाद घालायला तिसऱ्या कुणाची गरज पडत नसे. डॉ. लेव्हाना झिराडकर यहुदी; त्या तळाची हवा सांभाळत. नजीब तुंगेकर भूगर्भशास्त्रज्ञ, त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान.

मावळतीला वारा उठला की धूळ गाळणीत बसे आणि प्राणवायूचा काटा घसरे. मग पाच मिनिटांत झडपेचे चाक फिरवावे लागे. ते फिरवणाऱ्या मोटरने याच आठवड्यात मान टाकली होती. रोज नजीब मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज पढे, तेव्हा लेव्हाना चाकापाशी उभ्या राहत.

शुक्रवारी कामवाटप-यंत्राने तक्ता प्रथमच अर्धवट सोडला. मावळतीच्या वीस मिनिटांसमोर कुणाचेच नाव नव्हते.

“ताई, सूर्य अजून वर आहे. तुमचा शब्बाथ लागला कसा?” नजीबने विचारले. शब्बाथ म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत कामाला हात न लावण्याचा यहुद्यांचा दिवस.

“रेवदंड्यात मावळला ना. सातवा दिवस मोजायचा तो घरच्या सूर्याने, असं आमच्या वडीलधाऱ्यांनी निघतानाच ठरवलं. तुझं काय?”

“नमाज डोक्यावरच्या सूर्याने. सावली इथली, तर वेळही इथलीच, म्हणाले मुफ्तीसाहेब. आणि मगरिबची वेळ सगळ्यांत तोकडी.”

ग्रह बदलला म्हणून या जुन्या कायद्यांना घाम फुटला नव्हता. फुटला तो यंत्राला. जीव वाचवण्यासाठी नियम खुशाल मोडा, असे दोन्ही धर्म सांगत होते. पण दुसरा कुणी मोकळा नसेल तरच, असे यंत्राला शिकवलेले होते. नजीब आहे, म्हणून लेव्हानांनी चाकाला हात लावायचा नाही. लेव्हाना आहेत, म्हणून नजीबने नमाज सोडायची नाही. यंत्र घाण्याच्या बैलासारखे तिथल्या तिथे फिरत राहिले.

लेव्हानांचे पणजोबा तेलाचा घाणा चालवत. शनिवारी तो बंद, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणे. लेव्हानांनीही जन्मात शब्बाथ मोडला नव्हता. तो इथे मोडेल याची त्यांना भीती वाटत होती, आणि हवा संपण्याची त्याहून जास्त.

अखेर त्यांनी तोड काढली. “बघणं म्हणजे काम नव्हे. मी हात मांडीवर ठेवून काट्याकडे बघत बसते. घसरला की हाक मारीन. तू नमाज मोडून ये. जिवासाठी मोडलेली पुन्हा पढता येते ना?”

“येते,” नजीब म्हणाला.

सूर्य निळसर होत मावळला. नजीबने पृथ्वीच्या दिशेला तोंड करून चटई अंथरली. काटा त्याच्या पाठीमागे राहिला. तो कपाळ टेकून सजद्यात गेला आणि काटा एकदम लाल पट्ट्यात कोसळला.

लेव्हानांनी हाक मारली. नजीब धावला, पण त्याही उठल्या होत्या. कायदा आठवायला सवड नव्हती. चाकावर चार हात एकाच क्षणी पडले. चाक फिरले, काटा चढला.

“माझ्यामुळे तुमचा शब्बाथ मोडला,” नजीब म्हणाला. त्याला खरेच वाईट वाटत होते.

“जीव धोक्यात होता, तेवढंच पुरे.” लेव्हाना हसत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. “शिवाय आमच्यात एक जुनं कलम आहे. एकट्याला जमणारं काम दोघांनी मिळून केलं, तर दोष कुणाच्याच माथी लागत नाही. जा, नमाज पढ. वेळ जाईल.”

त्याने पुन्हा सुरुवात केली. लेव्हाना काट्याकडे बघत बसल्या.

रविवारी पृथ्वीवरून कौतुकाचा निरोप आला. दोघांची अडचण ओळखून अभियंत्यांनी मोठे, दोन माणसांनीच फिरेल असे चाक पुढच्या यानातून पाठवायचे ठरवले होते. लेव्हानांनी लगेच उत्तर धाडले: “पाठवू नका. एकट्याला फिरवता येत नसेल, तर आमची माफी संपते.”

यंत्राने ते वाचले. पुढच्या शुक्रवारच्या रिकाम्या चौकटीत त्याने दोन्ही नावे घातली आणि कारणाच्या रकान्यात लिहिले: ‘एकटा पुरेसा आहे, म्हणून दोघे.’