पाचोळाचोरांचा सत्कार

"कचरा कोण चोरतं गं?" काडीने लावलेली 'पाचोळा चोरू नका' ही पाटी वाचून शेजारच्या वसाहतीतल्या फुग्याने कुंपणावरून मान आत घातली. मागे त्याची बहीण टाचणी होतीच.

काडी दचकलीच! सुट्टीत आत्याच्या शेतावर आल्यापासून तिच्या वयाचं कुणी तिच्याशी बोललंच नव्हतं. शेताला लागून नवी बंगल्यांची वसाहत होती. पण तिथली मुलं 'आळशी बाईची भाची' म्हणून लांबूनच जात. आळशी बाई म्हणजे काडीची आत्या. ती शेतभर पालापाचोळा पसरून ठेवी आणि टोमॅटोची रोपं त्यातून डोकी वर काढत. वसाहतीला वाटे, बाईला झाडायचा कंटाळा!

"रोज सकाळी एक पट्टा लख्ख झाडलेला असतो," काडी म्हणाली. "मग तिथली रोपं माना टाकतात. आत्या म्हणते, ही रोपं गेली की शेत विकून टाकू. इथे तसंही माझं कोण आहे, असं विचारते."

"झाडू घेऊन येणारा चोर!" टाचणीचे डोळे चमकले. "आईला कळलं तर ती त्याला पगार देऊन ठेवून घेईल!"

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिघं पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसली. फुग्याला शिंक येत होती, म्हणून टाचणीने त्याचं नाक धरून ठेवलं होतं.

आणि आली की टोळी! टोप्या, झाडू, रिकाम्या गोण्या. वसाहतीची स्वच्छता समिती! पुढे निवृत्त साहेब. "बिचारीला मदतीला माणूस नाही," ते म्हणाले. "आपण करायचं, बोलायचं नाही!" आणि लगेच त्यांनी झाडूसकट स्वतःचा फोटो काढून घेतला.

"आजोबा!" फुगा कुजबुजला. चोर घरचाच निघाला होता.

"ओरडू?" काडीने विचारलं.

"छे! चूक दाखवली की आजोबा चौकशी समिती नेमतात," टाचणी म्हणाली. "सत्काराला मात्र कुठेही येतात."

सत्कार भर दुपारी ठरला. साहेब कडक इस्त्रीचा सदरा घालून आले, मागे अख्खी समिती.

"चपला काढा हं आजोबा, व्यासपीठ आहे," टाचणी अदबीने म्हणाली. व्यासपीठ म्हणजे त्यांनीच झाडलेला पट्टा. साहेबांनी भारदस्तपणे पाऊल टाकलं.

"अगं आई गं!" साहेब एका पायावर, मग दुसऱ्या पायावर! भाषण सुरू झालं असं समजून समितीने टाळ्या वाजवल्या.

"इकडे या!" काडीने त्यांना पाचोळ्यावर ओढलं.

साहेबांचा चेहरा निवळला. "अरेच्चा! इथे गार कसं?"

"खाली हात घाला. ओल लागली ना? उघड्या जमिनीतली ओल ऊन पिऊन टाकतं. पाचोळा म्हणजे तिचं पांघरूण. तोच कुजून पुढे खत होतो."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. खेळायला कुणी नव्हतं ना, म्हणून मी रोज इथेच पाय खुपसून बसायचे."

टाळ्या वाजवणारे हात खिशात गेले. साहेब अनवाणीच आत्याच्या दारापर्यंत गेले. "बाई, चुकलो. आधी विचारायला हवं होतं."

"कधी कुणी विचारलंच नाही," आत्या म्हणाली.

मग गोण्या परत आल्या. समितीने पाचोळा पुन्हा पसरला आणि काय काय विचारलं! आत्या सांगत सुटली. ती इतकं बोलते, हे काडीलाही नवीन होतं. उतारावरच्या गवताची गोष्ट मात्र काडीने मध्येच तोडली.

"शाब्बास पोरांनो!" साहेब जाताना म्हणाले. "आजवर मी ऑफिसात सगळ्यांना नाचवलं. मला नाचवणारे तुम्हीच पहिले!"

सगळे गेले. शेत पुन्हा गप्प झालं. आत्या कुंपणाशी बराच वेळ उभी होती.

"उद्या येतील का गं कुणी?" तिने हळूच विचारलं.

"येतील की! उतारावर तू गवत का राखलंयस, ते सांगताना मी तुला मध्येच थांबवलं ना? मुद्दामच! अर्धवट ऐकून टाचणीला चैन पडेल होय?"

आत्याने काडीच्या पाठीत लाडाने धपाटा घातला. मग म्हणाली, "तर मग उद्या पाणी लवकर घालून घेऊ. बोलायला वेळ मोकळा हवा."