अर्धी ओळ

त्या बाईंच्या पत्राला मी कधीच उत्तर दिलं नाही. त्या एका रुग्णालयाचा डेटाबेस सर्व्हर सांभाळायच्या आणि तो बनवणाऱ्या कंपनीत तक्रारी वाचणं हे माझं काम होतं. सर्व्हर कोसळताना कोणतं काम कोणत्या कामातून सुरू झालं, याची साखळी एरर लॉगमध्ये लिहून ठेवतो. तिला स्टॅक ट्रेस म्हणतात. बाईंनी लिहिलं होतं, 'ट्रेस मधेच तुटतो. शेवटच्या ओळीत माझ्या भावाचं घरातलं नाव आलंय, तेही अर्धं. तेव्हापासून तो हातात घास धरून तसाच बसलाय. श्वास चालू आहे. ओळ पुरी कशी करायची, कळवा.'

आमच्याकडे एक शिस्त होती. दोष आधी स्वतःच्या मशीनवर घडवायचा, उपायही तिथेच तपासायचा, मगच उत्तर. माझं धाडस झालं नाही. पत्र एका पुस्तकात राहिलं आणि मी निवृत्त झालो.

"खूण म्हणून किती वर्षं वापरणार ते?" एका सकाळी ही म्हणाली. "बिचारी वाट बघून म्हातारी झाली असेल."

"तपासल्याशिवाय कसं लिहू?"

"मग तपासा की. कोणी हात धरलाय तुमचा?"

मी जुना संगणक जोडला, त्यावर तोच सर्व्हर चालू केला. बाईंनी लिहिलं होतं तसंच सगळं केलं. सर्व्हर कोसळला. लॉगमधल्या ओळी नेहमीच्याच होत्या. शेवटची तुटलेली होती आणि तिच्यात हिच्या माहेरच्या नावाची पहिली दोन अक्षरं होती. ते नाव मी कधीच कुठे टाइप केलं नव्हतं.

आतून ही विचारत होती, "अहो, चहा टाकू, की तुमचं अजून..."

ती ओट्यापाशी उभी होती. गाळणं हातात, तोंड उघडं. तो शेवटचा शब्द घशातून बारीक सुरात निघत होता, संपत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "हृदय उत्तम आहे." मग दाराकडे बघत म्हणाले, "असं मी पाहिलेलं नाही."

मुलगी राहायला आली. रोज आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायची. "बाबा, हिला सगळं कळतंय. हात दाबते माझा. हा आवाज थांबवा ना कसा तरी."

उपाय मला पहिल्यापासून ठाऊक होता. ओळीच्या लांबीची मर्यादा वाढवायची, बस.

मी वाढवली. सर्व्हर पुन्हा पाडला.

नाव पुरं आलं.

आतला आवाज थांबला. भांडं पडावं तसं काहीतरी पडलं.

"बाबा," मुलीने हाक मारली, "आई गेली. बाबा, इकडे या, मला..."

पुढचं आलं नाही. नुसता बारीक सूर.

पडद्यावर, हिच्या नावाखाली, आणखी एक ओळ सुरू होऊन तुटली होती.

मी कागद घेतला. 'मर्यादा वाढवा. उपाय स्वतः तपासला आहे. नाव पूर्ण येतं.' खालच्या ओळीबद्दल लिहिलं नाही. बाईंची तक्रार एकाच ओळीची होती.

दार ओढून घेतलं, तरी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत तो सूर ऐकू येत होता. पत्र आत टाकलं.