चावी सोडताना खोकणारी इम्पाला

एस्पान्योला गावच्या रस्त्याकडेला चौसष्ट सालची जांभळी इम्पाला उभी होती, आणि तिच्या बॉनेटखाली डोकं खुपसून एक कोटवाला. भाजलेल्या मिरच्यांचं पोतं घेऊन मी सरळ घरी जायचं ना! पण मी पडले गाड्यांची वायरिंगवाली... थांबले.

"लग्नाला?"

"बहिणीच्या. अकराला! आणि वधूवरांच्या खांद्यावर घालायची माळ आजीकडे," त्यानं मागच्या सीटकडे मान वळवली. आजी मांडीवर पेटी घेऊन बसली होती. "जुना कार्ब्युरेटर काढून विजेवर पेट्रोल सोडणारं फ्युएल इंजेक्शन बसवलं — मीच. फुलं घ्यायला थांबलो, आणि..."

"सेल्फ मार बघू."

इंजिन घरघरलं, पेटलं नाही. त्यानं चावी सोडली, तेव्हा एकदाच खोकलं. मला हसू आवरेना.

"इंजेक्शनला वीज रेडिओच्या वायरमधून घेतलीस?"

"तुला कसं..."

"सेल्फ मारताना रेडिओ गप्प होतो ना? तसंच तुझं इंजेक्शनही झोपतं. चावी सोडलीस की जागं होतं, पण तोवर सेल्फ थांबलेला!"

"म्हणजे मी गाढव."

"कोट छान आहे," मी म्हटलं. तो हसला... आणि गालावर ती खळी! देवा!

खिशात पडलेल्या लाल वायरनं मी इंजेक्शन थेट बॅटरीला जोडलं. पहिल्याच सेल्फला इम्पाला गुरगुरली. त्यानं माझे काळे झालेले हात धरले.

"आता चावी काढली तरी इंजेक्शन बंद होणार नाही हं. वायर काढावी लागेल, नाहीतर बॅटरी उतरेल."

"ते... मला नाही जमायचं," तो पटकन म्हणाला. "तू चल ना!"

वायर उपटायला कसली अक्कल लागते? हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही. मी बसले. नाव नेस्तोर, एवढं वाटेत कळलं.

चर्चपाशी दहा मिनिटं आधी पोचलो. आजीनं उतरून बॉनेट उघडायला लावलं, वायर स्वतः उपटली आणि पर्समध्ये टाकली.

"पन्नास वर्षं मेकॅनिकशी संसार केलाय मी," ती म्हणाली. "गाडी सुरू करायला ही लागेलच. नाच संपल्यावर देईन. चला!"

नाचताना नेस्तोर कानाशी पुटपुटला, "बरं झालं, मी गाढव आहे ते..."

वायर आजीनं दिलीच नाही. दुसरी घ्यायला नेस्तोर माझ्या दुकानात आला, आणि मग येतच राहिला.

दोन वर्षांनी आमच्या खांद्यावर तीच माळ घालून आजीनं पर्समधून लाल वायर काढली. "घे, पोरी. सुटलीस."

मी ती परत तिच्याच पर्समध्ये कोंबली. तिच्या उपकारातून सुटायचंय कुणाला?