सव्वादोन फेरे

न्यूट्रॉन-किरणांनी इंजिनाच्या आतलं दाखवणाऱ्या पडद्यावर पोलाद काचेसारखं आरपार दिसत होतं आणि त्यातलं तेल काळंभोर. ऋजुता इंगवले पडद्याला जवळजवळ नाक लावून उभी होती.

"ताई, सोनोग्राफी चाललीय व्हय इंजिनाची?" इस्माईल मिस्त्रींनी हात पुसत विचारलं. "पोरगं बरं हाय न्हवं?"

"चाचा, हे बघाच."

कोल्हापूरजवळच्या या प्रयोगशाळेत आधीची पाच इंजिनं जळाली होती, आणि पाचही वेळा तिसऱ्या बेअरिंगपाशी. मिनिटाला बारा हजार फेरे घेणारा दांडा बेअरिंगला कधी टेकतच नाही. केसाहून कितीतरी पातळ अशा तेलाच्या पापुद्र्यावर तो तरंगतो. पण त्यासाठी तेलाला फिरत्या दांड्याच्या कडेवरून आत, मध्याकडे शिरावं लागतं आणि दांड्याचा वेग ते बाहेर भिरकावतो. म्हणून ऋजुतानं दांड्यासाठी मार्गवर्धी धातू घडवला होता. जिथे तेलाची तहान, तिथे तो तापतो आणि तेल ज्या वाटेनं येत असेल ती हळूहळू रुंद करतो. तिथून सरकलेला धातू जाणार कुठे? तो कोरड्या पडलेल्या वाटेत साचतो आणि ती बुजत जाते.

सहाव्या वेळी तिनं मिश्रणात कोबाल्ट अर्धा टक्का वाढवला. इंजिन शंभर तास चाललं. आज चार वाजता ते हिमालयातल्या बचावविमानावर चढवायला निघणार होतं.

पडद्यावर दांड्याच्या पोटात एक झाड उगवलं होतं. खोड, फांद्या, फांद्यांच्या टोकांशी डहाळ्या. यातलं काहीच ऋजुतानं आखलेलं नव्हतं.

"पण मी पाडलेलं सरळ भोक कुठंय?" ती पुटपुटली. ते पार बुजलं होतं. त्याऐवजी एक वाकडी शीर कडेवरून मध्याकडे चढत होती आणि मध्य ओलांडून तिसऱ्या बेअरिंगकडे उतरत होती. "पहिला अर्धा रस्ता चढाचा आहे, चाचा. तेल चढलं कसं?"

मिस्त्री हसले. "बॅरलमधनं डिझेल काढताना नळी तोंडानं ओढता न्हवं? एकदा नळी भरली की पुढचं डिझेल मागच्याला वढतंय. मधी हवा शिरली की संपलं."

ऋजुता थबकली. मध्यापासून बाहेर जाणारा तुकडा आत येणाऱ्यापेक्षा लांब. वेग तिथलं तेल अधिक जोरानं खेचणार आणि मागच्या तेलाला ओढून घेणार. धार अखंड असली तर. "पण सुरुवातीला ही नळी भरली कुणी?"

"म्या भरतो की. रोज सकाळी. हातपंपानं तेल चढवायचं, दांड्यावरची खूण वर आणायची, तिथनं पान्यानं सव्वादोन फेरे फिरवायचा, मगच तुमचं बटन."

"माझ्या नोंदींत हे कुठंच नाही!"

"नोंदी बटनापासनं सुरू हुत्यात. त्याच्या आधी तुम्ही च्या पिताय."

"ती पाच इंजिनं जळाली तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"हजला गेल्तो की."

म्हणजे कोबाल्टचा काही संबंधच नव्हता. धातूनं मिस्त्रींचा हात इंजिनाचाच एक भाग धरला होता आणि त्याच्या भरवशावर तिनं पाडलेली सरळ वाट बुजवून टाकली होती. तिकडे डोंगरात वैमानिक नुसतं बटण दाबणार. दहा सेकंदांत तिसरं बेअरिंग जळणार, विमान बर्फावरच खिळणार आणि जखमी माणूस दरीत वाट पाहत राहणार.

घड्याळात अडीच वाजले होते. तिनं शिरेतलं तेल काढून टाकलं, हातपंप मारला, दांड्याची खूण वर आणली, पाना स्वतःच्या हातात घेतला आणि पडद्याकडे बघत दांडा फिरवू लागली. एक फेरा. तेल बेअरिंगमधल्या खाचेत भरू लागलं. दोन. खाच भरली, पण शीर कोरडीच. आणखी पाव फेरा झाला तसं शिरेचं तोंड तेलाच्या खाचेसमोर आलं. काळी धार चढली, मध्यावर क्षणभर टेकली आणि पलीकडे उतरली. झाड मुळापासून शेंड्यापर्यंत भरलं.

तिनं बटण दाबलं. इंजिन घुमलं. तिसऱ्या बेअरिंगचं तापमान जागचं हललं नाही.

इंजिन थांबवून तिनं सूचनापत्रातली पहिली ओळ खोडली. 'बटण दाबा' याच्या जागी हातपंप, खूण आणि सव्वादोन फेरे आले. पाना आणि पंप तिनं इंजिनाच्याच पेटीत बांधले.

"चाचा, पण दोन फेरे का नाहीत? तीन का नाहीत? तो पाव कशासाठी?"

मिस्त्रींनी जरा आठवून पाहिलं. "माझे उस्ताद जुन्या इंजिनांना तसंच करायचे. त्यांचा उजवा खांदा निखळलेला. दोन फेरे झाले की पाव फेऱ्यावर हात अडायचा, पुढं जायचाच न्हाई. म्या त्यांचं बघून शिकलो. माझा खांदा ठणठणीत हाय, पण हात तिथंच थांबतोय."

"ते आता कुठं असतात?"

"त्यांना जाऊन तीस वर्सं झाली, ताई."

ऋजुता पुन्हा पडद्याकडे वळली. पोलादातल्या त्या शिरेचं तोंड जिथं, बरोबर पाव फेऱ्यावर, उघडलं होतं, तिथं तिनं काचेवर हळूच बोट ठेवलं.