जवळचा आवाज

"मोठा नको... जवळचा आवाज पाहिजे."

तिचं हे पहिलंच वाक्य ऐकून अंगदनं मान वर केली. दुपारपासून आभाळ भरून आलेलं, जालन्याच्या बाजारात चिटपाखरू नव्हतं, आणि ही मुलगी ओढणीनं मोबाईल पुसत त्याच्या स्पीकरच्या दुकानात उभी होती.

"घर केवढं?"

"फ्लॅट. दोन खोल्या. भिंती अशा, की पलीकडं केशरबाई खोकल्या की मी इकडं पाणी प्यायला उठते."

अंगद हसला. तिचे डोळे हसले, ओठ मात्र राहून गेले.

"मंग हे घ्या. पुस्तकांच्या फळीवर बसतील. भिंतीपासून वीतभर पुढं ठेवा, न्हाईतर केशरबाईंकडं ढबढब जाईल. स्वस्त आहेत, पण माणसाचा आवाज बराबर देतात."

"माणसाचाच ऐकायचाय," ती म्हणाली.

आकांक्षा तिचं नाव. राजूरची, इथं बियाण्यांच्या कंपनीत नोकरी. पुढचं अंगदनं विचारायचं ठरवलं आणि त्याची बोबडी वळली. गडी ॲम्प्लिफायरवर तासभर बोलेल, पण मुलीला "पुन्हा या" म्हणताना त्याला घाम फुटायचा. मग त्यानं धंद्यातली जुनी खोडी केली. वायरी जोडून देताना एका स्पीकरची लाल-काळी टोकं उलटी लावली. अशानं दोन्ही स्पीकर एकमेकांचा आवाज खातात. बिघडत काहीच नाही, फक्त गिऱ्हाईक दोन दिवसांत तक्रार घेऊन परत येतं.

ती आली नाही. दाराकडं बघून बघून अंगद थकला. अकराव्या दिवशी फोन आला, "घरी येऊन बघता का?"

नवा शर्ट घालून तो भुरभुर पावसात गेला. दार उघडलं, तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"स्पीकरला नावं न्हाई ठेवत मी... माझंच काहीतरी बिघडलंय. फाल्गुनात आई गेली. तिचा बोललेला एवढा एकच मेसेज राह्यलाय मोबाईलमधी. यात लावला की ती कुठून तरी लांबून, विहिरीपलीकडून बोलल्यासारखी वाटते. वाटलं, मीच तिचा आवाज विसरून राह्यले. काल पुसूनच टाकणार होते..."

अंगदनं वाकून उलटी टोकं बदलली. आकांक्षानं मेसेज लावला.

"अकू, जेवलीस का गं? एसटीत डबा दिलाय, उतरून घे..."

आवाज दोन्ही स्पीकरच्या अगदी मधोमध आला. आई जणू तिथंच बसली होती. आकांक्षा रडता रडता हसली, आणि तिनं त्याच्याकडं असं पाहिलं, की त्या नजरेसाठी त्यानं जन्मभर वायरी जोडल्या असत्या.

वायर सैल होती, एवढं म्हणाला असता तरी सुटला असता. पण त्या नजरेपुढं त्याला खोटं बोलवेना.

"मीच उलटी लावल्ती. तुम्ही परत यावं म्हणून... तुम्ही आवडल्या मला. पहिल्याच दिवशी."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

"नुसतं 'या' म्हणाले असते ना तुम्ही... दुसऱ्याच दिवशी आले असते मी. माझंही मन तिथंच राह्यल्तं." तिनं डोळे पुसले. "पण या अकरा दिवसांत माझी आई दुसऱ्यांदा गेली. आता जा तुम्ही."

तो जिना उतरू लागला. पातळ भिंतीतून आईचा आवाज पुन्हा आला, "जेवलीस का गं?" आणि पाठोपाठ आकांक्षाचा, "न्हाई आई... अजून न्हाई."

अंगद पायरीवर थांबला. पण पुन्हा वर जायची हिंमत त्याला झाली नाही.